नाकपुडीच्या कडेचे काही मिलिमीटर

कुत्र्याच्या उंचीला येऊन त्याच्या नाकासमोर जरा निवांत बसावं. लांब तोंडाच्या कुत्र्याची नाकपुडी समोरून स्वल्पविरामासारखी दिसते: आतल्या अंगाला गोलसर छिद्र आणि तिथून बाहेरच्या बाजूला वळत गेलेली शेपटी. श्वास आत घेताना छिद्राची बाहेरची कड, म्हणजे नाकपुडीचा पंख, किंचित फाकतो आणि वाट मोठी करतो. आता पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, बोस्टन टेरियर, शिह त्झू किंवा पेकिनीज या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांपैकी कुणासमोर तसंच बसा. पुष्कळांच्या नाकावर तो स्वल्पविराम उरलेलाच नसतो. पंख जाडजूड आणि आत कललेला, शेपटी मिटलेली, आणि गोल छिद्राच्या जागी पोथीतल्या दंडासारखी एक उभी रेघ. श्वास घेताना हा पंख फाकण्याऐवजी आत ओढला जातो, आणि आधीच अरुंद असलेली रेघ नेमकी गरजेच्या क्षणी आणखी बारीक होते.

नळीतून संथ वाहणाऱ्या हवेचा एक नियम आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. नाकपुडी काही गुळगुळीत गोल नळी नाही, त्यामुळे हा आकडा तिला तंतोतंत लागू पडत नाही, पण हिशेबाची दिशा तीच राहते. त्यात पुन्हा, अगदी धडधाकट कुत्र्यातही श्वासमार्गाच्या एकूण अडथळ्यातला निम्म्याहून मोठा वाटा नाकाचाच असतो. म्हणून दाराशी गेलेला एक मिलिमीटर आतल्या सगळ्या घराला जड जातो, आणि दाराशी परत मिळालेला एक मिलिमीटर मापापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो. नाकपुड्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे.

घरच्यांना मात्र ती रेघ दिसत नाही, घोरणं ऐकू येतं. आणि घोरण्याचं कौतुक होतं. 'आमचा बघा, अगदी आजोबांसारखा घोरतो' असं लोक प्रेमानंच म्हणतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, म्हणूनच हे कळकळीनं सांगावंसं वाटतं: जागेपणी, बसल्या जागी ऐकू येणारा श्वास हा त्या जातीचा स्वभाव नसतो, तो अडथळ्याचा आवाज असतो. अशी कुत्री झोपतात कशी तेही पाहावं. काही हनुवटी पलंगाच्या कडेवर टेकवून मान ताणून झोपतात, काही बसल्या बसल्या डुलक्या घेतात आणि दचकून जागी होतात, काही दातांत खेळणं धरूनच झोपतात. खेळण्याचा लळा असतो असं आपण समजतो. खरं तर खेळण्यामुळे तोंड उघडं राहतं आणि झोपेत हवा मिळते.

चपटं तोंड म्हणजे कवटीची हाडं आखूड झाली, पण आतलं मांस त्या मापात घटलं नाही. तीच जीभ, तोच मऊ टाळू, नाकातल्या त्याच गुंडाळलेल्या घड्या आता निम्म्या जागेत कोंबलेल्या असतात. त्यात दार अरुंद, म्हणून हवा जोर लावून ओढावी लागते. घट्ट बंद बाटलीतून स्ट्रॉनं ओढत राहिलं की बाटलीच्या भिंती आत येतात, तसं घशाचं होतं. प्रत्येक श्वासाला निर्माण होणारी ही ओढ मागच्या मऊ भागांना खेचत राहते. मऊ टाळू सुजून जाड होतो. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या पिशव्या उलट्या होऊन वाटेत येतात. स्वरयंत्र खचण्याची ही पहिली पायरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राची लवचिक हाडंच, ताठपणा सोडतात आणि आत कोसळतात. तिथे पोचलेल्या कुत्र्याच्या नाकपुड्या कितीही सुंदर उघडल्या तरी गेलेली कूर्चा परत ताठ होत नाही. काहींना शेवटी गळ्याला कायमचं भोक पाडून श्वास द्यावा लागतो. हीच ओढ छातीतून जठरालाही वर खेचते. जेवणानंतर पांढरा फेस किंवा न पचलेलं अन्न वर येणं याचं मूळ अनेकदा पोटात नसतं, नाकात असतं.

उन्हाळ्याचा धोका तर वेगळाच. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग थंड करायचं तर धापणं हाच मार्ग, आणि धापताना हवा बरीचशी नाकातून आत घेतली जाते, ओल्या अस्तरावरून जाते आणि उष्णता घेऊन तोंडावाटे बाहेर पडते. नाकच बंद असलं की कुत्रं जास्त जोरानं धापतं, त्या श्रमानं आणखी तापतं, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारं शरीर ४१ अंशांच्या वर गेलं की जिवावर बेततं.

मग शस्त्रक्रिया कधी? लवकर. पंखाचं ऊतक पिल्लाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही कापता-शिवता येतं आणि ज्यांची फट अगदीच मिटलेली आहे त्यांच्यासाठी इतकं लवकर करणंही योग्य ठरतं. बाकीच्यांसाठी सहा महिने ते वर्ष हा काळ चांगला. नसबंदीसाठी भूल द्यायचीच असेल तर दोन्ही एका भुलीत होतं. 'मोठा झाला की नाक उघडेल' हे वाक्य फार ऐकायला मिळतं. नाक वाढतं, पंखही वाढतो, फटीचं प्रमाण तेच राहतं. वाट पाहण्यात गमावतो ती मागच्या घशाची उमेद.

निर्णय नुसतं नाक बघून घेऊ नये, कुत्रं चालवून घ्यावा. केंब्रिज विद्यापीठ आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्रिटनचा केनेल क्लब यांनी २०१९ पासून रूढ केलेली तपासणी मला फार शहाणपणाची वाटते: आधी विश्रांतीत घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, लगेच पुन्हा ऐकायचं, आणि ० (त्रास नाही) ते ३ (गंभीर त्रास) अशी श्रेणी द्यायची. टेबलावर शांत वाटणारा श्वास तीन मिनिटांत खरं बोलू लागतो. घरी करता येण्यासारखंही थोडं आहे. थंडगार चमचा किंवा छोटा आरसा नाकासमोर धरला तर दोन्ही बाजूंना वाफेचे ठिपके उमटतात. एक ठिपका पुसट असेल तर ती बाजू जास्त बंद. गाढ झोपेत छातीचे उठाव एक मिनिट मोजावेत, ते साधारण तिसाच्या आत असावेत. आणि फोनवर झोपेतला श्वास आवाजासकट चित्रित करून डॉक्टरांना दाखवावा, कारण दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं घरच्यासारखं झोपून दाखवत नाही.

वजन आधी उतरवावं. आठ किलोच्या पगवर एक किलो जादा चढला म्हणजे शरीराचा आठवा हिस्सा वाढला, आणि ती चरबी नुसती कमरेवर बसत नाही, घशाच्या भिंतीतही जाते.

खरी भीती कापण्याची नसते, भुलीची असते. असं कुत्रं आपला घसा जागं असेपर्यंतच धडपडून उघडा ठेवतं. झोप आली की स्नायू सैल पडतात आणि जीभ, टाळू सगळं एकमेकांवर येतं. म्हणून झोपवण्याआधी चार-पाच मिनिटं मास्कनं प्राणवायू देऊन फुप्फुसं भरून ठेवायची. मास्कशी झटापट होत असेल तर तो दूर धरून नुसता झोत द्यायचा. झटापटीत गमावलेला प्राणवायू मास्कनं भरून निघत नाही. उलटी आणणारी औषधं टाळायची, उलटी थांबवणारं आणि आम्ल कमी करणारं औषध आधीच द्यायचं. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या अपेक्षेपेक्षा दोन-तीन मापांनी लहानही तयार हव्यात. इंग्लिश बुलडॉगचं डोकं बघून नळी निवडली तर हमखास फसायला होतं, कारण त्या भल्या मोठ्या मानेत श्वासनलिका लहान कुत्र्याएवढी असू शकते. हृदयाचे ठोके अचानक मंदावण्याची या जातींची खोड असते, म्हणून ठोके वाढवणारं अॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून हाताशी. बाहेर आलेल्या डोळ्यांना मलम, नाहीतर उघड्या बुबुळावर जखम होते आणि घरी गेल्यावर ती नवीन तक्रार.

नळी घालण्याआधीचा अर्धा मिनिट वाया घालवू नये. टाळू आणि स्वरयंत्र पाहायची हीच वेळ. मऊ टाळूची कड एपिग्लॉटिसच्या, म्हणजे श्वासनलिकेवरच्या झाकणाच्या, टोकाला जेमतेम टेकावी. त्यापलीकडे लोंबत असेल तर तो लांब आहे. पाहताना जीभ जोरात ओढू नये, ओढली की मोजमाप फसतं. टाळू लांब असेल तर त्याच भुलीत तोही कमी करणं सहसा इष्ट, आणि त्याची परवानगी घरच्यांकडून आधीच घेतलेली असावी.

आता प्रत्यक्ष काम. कुत्रं पोटावर, हनुवटी घडी केलेल्या टॉवेलवर, डोकं नाकाच्या मधल्या रेषेवर अगदी सरळ, आणि हलू नये म्हणून चिकटपट्टीनं बांधलेलं. इथे डोकं दोन अंश कललेलं राहिलं तर नंतर दोन नाकपुड्या दोन तऱ्हेच्या दिसतात. रक्त घशात उतरू नये म्हणून मागे गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचे तुकडे, बसवायचं, आणि किती तुकडे बसवले ते फळ्यावर लिहायचं. वरच्या जबड्यातल्या भोकातून चेहऱ्यावर येणाऱ्या मज्जातंतूला दोन्ही बाजूंनी बधिरीकरण दिलं तर नाकाचा शेंडा बधिर होतो, भूल हलकी ठेवता येते आणि कुत्रं शांतपणे जागं होतं.

सर्वांत रुळलेली पद्धत उभ्या पाचरीची. बारीक दातांच्या चिमट्यानं पंखाची खालची मोकळी कड पकडायची आणि दोन्ही छेद पुरे होईपर्यंत ती पकड सोडायची नाही. हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो, हातात मात्र त्याचाच सगळा खेळ आहे. पहिल्या छेदानंतर रक्त भळाभळा येतं, खुणा दिसेनाशा होतात, आणि त्या क्षणी चिमटा सुटला तर पाचर कुठे होती तेच कळत नाही. ११ नंबरच्या टोकदार ब्लेडनं पहिला छेद आतल्या बाजूला, दुसरा बाहेरच्या बाजूला, दोन्ही वर एका बिंदूत मिळतील असे. उलट्या इंग्रजी व्हीसारखे. पायथा खाली, टोक वर. पगच्या आकाराच्या कुत्र्यात पायथ्याशी ही पाचर ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. पायथा जितका रुंद तितका पंख बाहेर खेचला जाणार. आतला छेद छिद्राच्या कडेला फार चिकटून घेतला तर तिथे कागदासारखी पातळ पट्टी उरते. तिला टाका धरत नाही, ती फाटते.

पण रुंदीपेक्षा मी खोलीला जास्त महत्त्व देईन. पंख म्हणजे बाहेर दिसणारी काळी गादी एवढंच नव्हे. ती आत वळून एका मांसल घडीत जाते आणि ती घडी नाकाच्या दालनात मागे पसरलेली असते. वरवरची पाचर काढली तर नाक बाहेरून उघडं दिसतं, घरचे खूश होतात, छायाचित्र छान येतं. आत दुसरं दार बंदच असतं. 'ऑपरेशन करून काही फरक पडला नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हे निघतं. म्हणून ब्लेडचं टोक खोल घालून पिरॅमिडच्या आकाराचा, कूर्चेसकट तुकडा काढायचा. आतली घडी फारच मोठी असेल तर नाकपुडीमागचं दालनही मोकळं करणारी अधिक विस्तृत पद्धत निवडावी. जर्मनीतल्या लाइपझिगच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात गेरहार्ड ओख्टरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आतल्या भागावर फार मोलाचं काम केलं; नाकातल्या अडथळा करणाऱ्या घड्या लेझरनं काढण्याची पद्धतही त्यांचीच.

काढलेला पहिला तुकडा फेकायचा नाही. ओल्या गॉजवर ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूचा तुकडा काढून त्याच्या शेजारी मांडायचा. दोन तुकडे सारखे तर दोन नाकपुड्या सारख्या. रक्तासाठी कापसाच्या काडीनं दाब, बस्स. विजेच्या सुरीनं डागण्याचा मोह होतो, पण डागलेल्या कडा मरतात, टाके सुटतात आणि नाकावर पांढरे व्रण राहतात. टाके घालताच रक्त थांबतं, म्हणून हात लवकर टाक्यांकडे वळवावा. पहिला टाका अगदी खालच्या कडेवर, काळ्या त्वचेची रेघ रेघेला जुळवून. मग वर आणखी दोन-तीन. ४-० किंवा ५-० जाडीचा, आपोआप विरघळणारा धागा आणि कापरी धार असलेली लहान सुई. हे ऊतक चिवट असतं, गोल सुई त्यात फिरते आणि भोक मोठं करते. गाठी घट्ट आवळू नयेत, दुसऱ्या दिवशी सूज येणारच असते.

अगदी लहान पिल्लांसाठी ट्रेडर या पशुवैद्यांनी १९४९ मध्ये सांगितलेली जुनी पद्धतही आहे: पंखाचा खालचा भाग सरळ तिरका कापून टाकायचा, टाके नाहीत, पाच-दहा मिनिटं दाब, आणि जखम आपली आपण भरू द्यायची. दिसायला ओबडधोबड वाटते, काही आठवडे नाक गुलाबी राहतं, पण फट भरपूर उघडते. गोल भोक पाडणाऱ्या पंचनं पंखाचा मधला तुकडा काढून शिवणं हाही एक मार्ग. दोन्ही बाजू एकाच मापाच्या निघतात हा त्याचा फायदा.

शेवटचा टाका पडला की सगळे सैलावतात, आणि पुढचा अर्धा तास सर्वांत धोक्याचा असतो. घशातलं गॉज मोजून काढायचं. कुत्र्याला पोटावर ठेवायचं, डोकं उंच, जीभ बाहेर. नळी काढायची घाई करायची नाही. ही कुत्री नळीसकट डोळे उघडून शांत पडून राहतात, जणू जन्मात प्रथमच मनासारखा श्वास मिळाल्यासारखी. ती नळी चावायला आणि गिळायला लागेपर्यंत थांबावं. काढल्यावरही पुन्हा नळी घालायची सगळी तयारी शेजारी हवी. खोली थंड, आवाज कमी, एक माणूस फक्त श्वास बघायला. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड दिलं असेल तर त्याबरोबर दुखणं आणि सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत, दोन्ही मिळून जठराला व्रण पाडतात. आणि माणसांची आयबुप्रोफेन घरून देणं तर कुत्र्यासाठी विषच.

घरी आल्यावर शत्रू एकच, जीभ. चपट्या तोंडाच्या कुत्र्याची जीभ सहज नाकावर फिरते आणि तीन दिवसांत टाका मोकळा करते. गळ्यातला प्लास्टिकचा कोन दहा ते चौदा दिवस सतत हवा. 'माझ्यासमोर असतो तेव्हा काढते' असं केलं की टाका हमखास तेव्हाच सुटतो. अन्न मऊ, लहान गोळे करून, थोडं थोडं; वाडग्यात नाक दाबून खायला लागू नये म्हणून पसरट ताटलीत. दोन आठवडे फिरणं फक्त शी-शूपुरतं, आणि गळपट्टा कायमचा बंद करून छातीचा हार्नेस. पहिले दोन-तीन दिवस शिंका, त्याबरोबर रक्ताचे बारीक शिंतोडे, नाकावर काळी खपली, हे अपेक्षित आहे. खपली ओढून काढू नये. ती ओढताना धागा येतो. टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप पडतात. कापलेल्या रेषेवरचा गुलाबीपणा पुढच्या काही महिन्यांत काळा होत जातो.

एखादा टाका सुटला तर घाबरायचं कारण नाही. नाकाला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे जखम चिघळणं विरळा, आणि मोकळी राहिलेली जागा बहुतेकदा आपोआप भरून येते. वेळ न घालवता निघायचं ते वेगळ्या खुणांवर: हिरड्या निळसर किंवा जांभळट, मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर फाकून उभं राहणं, आवाज घोरण्याचा न राहता शिट्टीसारखा बारीक होणं. दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला आणि जेवणाला नकार असेल तर अन्न किंवा फेस फुप्फुसात गेल्याचा संशय धरून छातीचा एक्स-रे काढावा.

या शस्त्रक्रियेनं श्वासमार्ग नवा होत नाही. श्वासनलिका जन्मतः बारीक असेल तर ती बारीकच राहते, आणि उन्हात पळवण्याची मुभा कधीच मिळत नाही. आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. नाक उघडलेलं कुत्रं बाहेरून निरोगी दिसतं, पण पिल्लांकडे जातं ते त्याचं मूळ नाक. अशा कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत. हे ठरवणं शस्त्रक्रियेइतकंच त्याच्या उपचाराचा भाग मानावं.

सूज पूर्ण उतरायला सहा ते आठ आठवडे जातात. तेव्हा त्याच कोपऱ्यात, तसाच फोन ठेवून पुन्हा झोपेतला श्वास चित्रित करावा आणि जुन्याशेजारी लावून ऐकावा. आवाज बराच उतरला असेल, कुत्रं कुशीवर तोंड मिटून झोपत असेल, तर काम झालं. नाकपुड्या उघड्या दिसत असूनही आवाज तसाच असेल, तर आता टाळूकडे आणि नाकातल्या आतल्या घड्यांकडे बघायची पाळी, आणि तीही त्याच वर्षी.